डीआयने फटक्याचा जोर कमी होत नाही
'सुपर स्मॅश ब्रदर्स मेली' या २००१ सालच्या फायटिंग गेममध्ये फटका बसताच कंट्रोलरची स्टिक उलट दिशेला धरली की पात्राचा उडण्याचा वेग कमी होतो, हा वर्षानुवर्षे चालत आलेला समज चुकीचा आहे. डायरेक्शनल इन्फ्लुअन्स, म्हणजेच डीआय (फटका बसल्यावर स्टिकने उडण्याची दिशा बदलणे), वेगाला हात लावत नाही. तो उडण्याचा कोन जास्तीत जास्त सुमारे १८ अंशांनी वळवतो, आणि इतके पूर्ण वळण स्टिक उडण्याच्या मार्गाशी काटकोनात असेल तेव्हाच मिळते. फॉक्स या पात्राचा अप स्मॅश, म्हणजे वरच्या दिशेचा जोरदार फटका, समोरच्या पात्राला जवळजवळ सरळ वर फेकतो. तिथे घाबरून स्टिक खाली दाबणे बहुतांशी वाया जाते, तर ती पूर्ण आडवी धरल्यास मार्ग तिरपा होऊन पडद्यावरची, ओलांडली की बाद करणारी वरची सीमा गाठण्याआधीच पात्र सावरू शकते. फटक्यानंतर दोन्ही पात्रे क्षणभर गोठतात आणि तो क्षण संपताना स्टिक जिथे असते, तीच दिशा धरली जाते.