बर्फ, स्टॉल आणि मागे ओढणारा हात

12 फेब्रुवारी 2009, रात्रीचे सव्वादहा वाजून गेलेले. कोलगन एअरची 3407 ही फेरी अमेरिकेतल्या बफेलो विमानतळाकडे उतरत होती. दोन पंख्यांचं डॅश-8 क्यू400 विमान, आत 49 माणसं. बाहेर पंखांवर बर्फ धरत होता आणि कॉकपिटमधलं बोलणंही त्यावरच आलं होतं. या नोकरीत येण्याआधी आपण असा बर्फ पाहिलाच नव्हता, असं सहवैमानिक कॅप्टनला सांगत होती.

चाकं खाली आली, इंजिनांची ताकद मात्र कमीच राहिली. वेग उतरत 131 नॉट्सवर आला तसा कॅप्टनच्या हातातला कंट्रोलचा दांडा खडखडत थरथरू लागला. याला स्टिक शेकर म्हणतात. ‘स्टॉल जवळ आलाय, म्हणजे पंख विमानाला धरून ठेवेनासे होताहेत, नाक खाली कर’ एवढाच त्याचा अर्थ. कॅप्टनने दांडा मागे ओढला आणि नाक वर गेलं. मग स्टिक पुशर नावाच्या यंत्रणेने दांडा आपणहून पुढे ढकलला, तर त्याने तो पुन्हा ओढला. असं तीनदा झालं. पहिल्या खेपेला त्याचा जोर 41 पौंडांचा होता, मग 90 आणि शेवटी 160, म्हणजे सत्तर किलोंच्या वर. थरथर सुरू झाल्यापासून अर्ध्या मिनिटाच्या आत विमान क्लॅरेन्स सेंटर गावातल्या एका घरावर कोसळलं. विमानातला एकही वाचला नाही, घरातलाही एक माणूस गेला. एकूण 50.

पहिले काही दिवस सगळा ठपका बर्फावर होता. वर्षभराने अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने, म्हणजे एनटीएसबीने, निष्कर्ष दिला तो वेगळाच होता. बर्फाचा परिणाम किरकोळ होता. बर्फात उडताना इशारा जरा लवकर मिळावा म्हणून असलेला स्विच चालू होता, त्यामुळे दांडा थरथरला तेव्हा खरा स्टॉल अजून लांब होता. दांडा नुसता पुढे सोडला असता तरी निभावलं असतं.

इथला स्टॉल म्हणजे चौकात गाडी बंद पडते तो नव्हे, इंजिनाशी त्याचा संबंध नाही. समोरून येणाऱ्या हवेशी पंखाचा कोन वाजवीपेक्षा वाढला की हवा पंखाला धरून वाहत नाही, सुटते, आणि विमानाला वर धरणारी उचल ढासळते. उपाय एकच, कोन कमी करायचा, म्हणजे नाक खाली. बर्फ काय करतो? पंखाचा आकार बिघडवतो. खरखरीत सँडपेपरइतका थरसुद्धा उचल 30 टक्क्यांपर्यंत घटवू शकतो. मग स्टॉल कमी कोनातच येतो, कधीकधी इशारा वाजण्याच्याही आधी.

एवढं साधं असताना अनुभवी माणूस दांडा मागे का ओढतो? जमीन जवळ आली की घाबरून, हे उत्तर अर्धंच आहे. अनेक दशकं स्टॉलचा सराव म्हणजे ‘स्टॉलच्या उंबरठ्यापर्यंतचा’ सराव असायचा. सिम्युलेटरमध्ये दांडा थरथरला की पूर्ण ताकद द्यायची, उंची शक्य तेवढी कमी गमवायची आणि बाहेर पडायचं. परीक्षकाची नजर उंचीच्या काट्यावर असे, त्यामुळे नाक खाली करणारा उमेदवार गुण गमावायचा. खरा स्टॉल सिम्युलेटरला दाखवताच येत नव्हता, कारण त्या पलीकडची माहिती त्यात भरलेलीच नसे. कोलगनच्या वैमानिकांना तर स्टिक पुशर सिम्युलेटरमध्ये दाखवलाही जात नव्हता. तो पहिल्यांदा भेटला तो खऱ्या रात्री.

त्यात शेपटीचं प्रकरण. बर्फामुळे मुख्य पंखाऐवजी शेपटीचा आडवा पंख स्टॉल होऊ शकतो, आणि तेव्हा उपाय नेमका उलटा असतो : दांडा मागे ओढा, फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेचे, उतरताना बाहेर काढायचे पट्टे) आत घ्या. नासाने यावर प्रयोग करून प्रशिक्षणाची फिल्म काढली होती आणि ती कोलगनच्या प्रशिक्षणातही दाखवली जात होती. त्या रात्री कॅप्टनने दांडा ओढला, सहवैमानिकेने फ्लॅप आत घेतले. हे त्या फिल्ममुळे झालं असं एनटीएसबीने मानलं नाही. पण ज्या विमानांना शेपटीच्या स्टॉलचा धोका नाही त्यांच्या वैमानिकांना हा धडा देऊ नका, असं मंडळाने सुचवलं. मला ही शिफारस फार बोलकी वाटते.

नाक वर ओढण्याची गोष्ट जुनी आहे. 1 डिसेंबर 1974 रोजी नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचं एक रिकामं बोइंग 727 न्यूयॉर्कहून एका फुटबॉल संघाला आणायला निघालं होतं, तेही बफेलोलाच. वेग मोजणाऱ्या पिटो नळ्यांचा हीटर चालू केलेला नव्हता. नळ्या गोठल्या आणि काटा खोटा वाढीव वेग दाखवू लागला. वेग आवरायला वैमानिक नाक उचलत गेले. दांडा थरथरला तो अतिवेगामुळे, असा त्यांनी अर्थ लावला. सुमारे 24,800 फुटांवर विमान स्टॉल झालं आणि आतले तिघेही कर्मचारी गेले.

बर्फच खरा गुन्हेगार असलेले अपघातही आहेत. 31 ऑक्टोबर 1994 ला इंडियानातल्या रोझलॉनजवळ अमेरिकन ईगलचं एटीआर 72 हे दोन पंख्यांचं विमान कोसळून 68 जण दगावले. शिकागोत उतरायची वाट पाहत ते घिरट्या घालत होतं, ऑटोपायलट चालू होता. गोठणबिंदूखाली असूनही द्रवच राहिलेले मोठे थेंब पंखाच्या पुढच्या कडेवर बर्फ फोडण्यासाठी फुगवतात त्या रबरी फुग्यांच्या मागे जाऊन गोठले आणि तिथे बर्फाचा बांध तयार झाला. एकाएकी विमान एका अंगावर कलंडलं. पुढे एडवर्ड्स हवाई तळावर एका टँकर विमानाने उडत्या एटीआरवर पाणी फवारून हा बांध मुद्दाम घडवून पाहिला गेला.

1997 मध्ये मिशिगनमध्ये कॉमएअरच्या ब्राझिलिया विमानातले 29 जण गेले. तेव्हा आणखी एक जुना समज उघडा पडला. बर्फ जाड होईपर्यंत फुगे फुगवायचे नाहीत, नाहीतर वर पोकळ कवच तयार होतं, असं वैमानिकांना पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जायचं. आताच्या फुग्यांच्या बाबतीत त्याला पुरावा सापडला नाही.

बफेलोनंतर चारच महिन्यांत, 1 जून 2009 ला, एअर फ्रान्सचं 447 अटलांटिकमध्ये गेलं. पुन्हा गोठलेल्या पिटो नळ्या, पुन्हा मागे ओढलेली स्टिक, 38,000 फुटांवरून स्टॉलमध्येच खाली. 228 जण. मग मात्र चक्रं हलली. एअरबस, बोइंग, एटीआर अशा उत्पादकांनी मिळून एकच क्रम ठरवला : आधी नाक खाली, ताकद नंतर, उंचीचं मग बघू. अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था एफएएने 2012 मध्ये तसा सल्ला काढला आणि ‘कमीत कमी उंची गमवा’ हा निकष मागे पडला.

बफेलोतल्या मृतांच्या नातेवाइकांनी वॉशिंग्टनला खेटे घालून 2010 चा कायदा करून घेतला. त्यातली गाजली ती वैमानिकाला किमान 1,500 तासांच्या उड्डाणाचा अनुभव हवा ही अट. गंमत अशी की त्या कॅप्टनचे 3,379 तास झाले होते आणि सहवैमानिकेचे 2,244. दोघंही अटीत बसली असती! माझ्या मते खरा बदल 2013 च्या प्रशिक्षण नियमाचा. त्याने सिम्युलेटरमध्ये पूर्ण स्टॉल सक्तीचा केला, मार्च 2019 ची मुदत दिली. त्यासाठी सिम्युलेटरचं गणितच नव्याने मांडावं लागलं. पूर्वी कितीतरी सिम्युलेटरांत ‘बर्फ’ म्हणजे विमानाचं वजन थोडं वाढवणं, एवढंच असे. आता बिघडलेली उचल, लवकर येणारा स्टॉल हेही त्यात असावं लागतं.

हे सगळं थंड देशांचं दुखणं, असं आपल्याला वाटू शकतं. पण पावसाळ्यात आपल्याकडेही साधारण 16 ते 18 हजार फुटांच्या वर पारा शून्याखाली असतो, आणि कोल्हापूर किंवा सिंधुदुर्गला उतरणारी एटीआर 25,000 फुटांपर्यंत चढू शकते.

9 ऑगस्ट 2024 ला ब्राझीलमध्ये व्होपासचं असंच एक एटीआर 72 साओ पावलोकडे येताना विन्येदो गावात पडलं. आडवं, गरगरत, जवळपास सरळ खाली. तो व्हिडिओ जगभर फिरला. 62 जण गेले. प्राथमिक अहवालानुसार बर्फाचा इशारा लागला होता, बर्फ हटवणारी यंत्रणा चालू-बंद होत राहिली होती आणि बर्फ खूप आहे असं सहवैमानिक बोलूनही गेला होता.