दुसऱ्यांसाठी प्रार्थना फक्त पाळकांनीच करायची असते का?

वर्षानुवर्षे फिरणारा एक समज असा: आजाऱ्यासाठी किंवा संकटातल्या माणसासाठी धर्मगुरूंनी केलेली प्रार्थनाच ऐकली जाते, साध्या विश्वासणाऱ्याची नाही.

या समजाला धागा आहे तो बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातला. 5:14 मध्ये आजाऱ्याने मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) वडिलांना, म्हणजे तिच्या पुढाऱ्यांना, बोलवावे असे खरोखरच म्हटले आहे. पण तिथेच थांबू नका. दोनच वचने पुढे, 5:16 मध्ये, एकमेकांसाठी प्रार्थना करा अशी आज्ञा आहे, आणि ती सगळ्या मंडळीला आहे. त्यापुढे एलीयाचे उदाहरण येते. तो मोठा संदेष्टा, पण याकोब आवर्जून सांगतो की तो आपल्यासारख्याच स्वभावाचा माणूस होता. मला हे वाक्य फार मोलाचे वाटते.

पौल तर स्वतः प्रेषित. तरीही 1 थेस्सलनीकाकर 5:25 मध्ये तो सामान्य विश्वासणाऱ्यांना विनवतो, आमच्यासाठी प्रार्थना करा. इफिसकर 6:19 आणि रोमकर 15:30 मध्येही हीच विनंती आहे. त्यांची प्रार्थना पोहोचतच नसती, तर त्याने ती मागितली कशाला असती? येशूचा शिष्य पेत्र तुरुंगात असताना मंडळी एका घरात जमून प्रार्थना करत होती (प्रेषितांची कृत्ये 12). येशूने तर छळणाऱ्यांसाठीही प्रार्थना करायला सांगितले (मत्तय 5:44), तेही आपल्या ऐकणाऱ्या सर्वांना.

पाळकांना जरूर बोलवा, ते वचनाला धरूनच आहे. पण ते येईपर्यंत आजाऱ्याच्या उशाशी गप्प बसून राहू नका. आणि हा समज पुन्हा कानावर आला, तर याकोबाचा पाचवा अध्याय शेवटपर्यंत वाचून पाहा.