पिकोलो दाइमाओ आणि पिकोलो: चेहरा एक, इसम दोन

ड्रॅगन बॉल या जपानी अ‍ॅनिमे मालिकेतला हाताची घडी घालून हवेत मांडी ठोकून बसणारा, दिवसाकाठी चार वाक्यं बोलणारा हिरवा पिकोलो सगळ्यांना माहीत असतो. पण 'आधी तो जग जिंकायला निघालेला खलनायक होता, मग सुधारला' असं कुणी म्हणालं की समजावं, गफलत झाली आहे. जग जिंकायला निघाला होता तो पिकोलो दाइमाओ. तो सुधारला वगैरे काही नाही, सरळ मेला. नंतर नायक गोकूच्या मुलाला, गोहानला, शिकवणारा पिकोलो त्याने मरता मरता तोंडातून टाकलेल्या अंड्यातून जन्मला.

आपल्याकडे कार्टून नेटवर्कवर ज्यांनी थेट पुढच्या 'ड्रॅगन बॉल झेड' मालिकेपासून सुरुवात केली, त्यांची ही गल्लत साहजिक आहे. दाइमाओ झेडमध्ये नाहीच. तो आहे मूळ ड्रॅगन बॉल मालिकेत (१९८६ ते १९८९, १५३ भाग), साधारण १०२ ते १२२ या भागांत. १२३ पासून शेवटपर्यंत धाकट्याचं, म्हणजे अंड्यातून जन्मलेल्या पिकोलोचं, प्रकरण चालतं.

मुळात हे दोघे एकाच नामेकियनमधून आले. नामेक ग्रहावरून लहानपणी पृथ्वीवर आलेल्या त्या नामेकियनला इथला देव, म्हणजे कामी, व्हायचं होतं. त्यासाठी मनातलं पाप बाहेर काढणं भाग होतं. ते काढलं, आणि त्या पापालाच हातपाय फुटले. तोच दाइमाओ. उरलेला चांगला भाग कामी झाला. दोघांचा जीव मात्र एकमेकांना बांधलेलाच राहिला, एक मेला की दुसराही जाणार. पुढच्या निम्म्या कथानकाची किल्ली या अटीत आहे, त्यामुळे ती लक्षात ठेवा.

दाइमाओ ओळखायला सोपा. म्हातारा, सुरकुतलेला, छातीवर 'राक्षस' अर्थाचं जपानी अक्षर. मोठ्याने हसतो, सिंहासनावर बसतो, चाकरांना कामाला लावतो. हे चाकरही त्याने अंड्यांतूनच काढलेले, आणि नावं सगळी वाद्यांची: टॅम्बरीन, सिंबल, पियानो, ड्रम. (गोकूचा मित्र क्रिलिनला मारतो तो टॅम्बरीन. हा खून चाहते सर्रास 'पिकोलो'च्या नावावर खपवतात.) खरी पंचाईत होते ती तो ड्रॅगन बॉल गोळा करून, इच्छा पुरवणाऱ्या ड्रॅगनकडून तारुण्य मागून घेतो तेव्हा. सुरकुत्या जातात, आणि त्या क्षणाचं चित्र कुणी वेगळं काढून दाखवलं तर धाकटाच वाटतो. अशा वेळी डोकं आणि खांदे बघा. पांढरा फेटा आणि रुंद खांद्यांचा पांढरा झगा ही धाकट्याची खूण. दोन्ही वजनदार असतात, सरावासाठी अंगावर वागवलेले. म्हणून झुंज रंगात आली की तो ते आधी उतरवून ठेवतो. फेटा नसला तर आवाजावर जा, अर्थात मूळ जपानी आवृत्तीत. दाइमाओचा आवाज ताकेशी आओनोंचा, धाकट्याचा तोशिओ फुरुकावांचा. कामीचा आवाजही आओनोंचाच आहे, आणि ही निवड नेमकी आहे.

दाइमाओला आवरायचं शस्त्र म्हणजे मफूबा, शत्रूला भांड्यात कोंडणारी विद्या. मूताइतो गुरूने ती वापरून त्याला डेन्शी-जारमध्ये, म्हणजे भात गरम ठेवायच्या विजेच्या कुकरमध्ये कोंडलं आणि त्यात स्वतःचा जीव गमावला. झाकण पुढे पिलाफ या खलनायकाच्या टोळीने उघडलं. मग मूताइतोचा शिष्य आणि गोकूचा गुरू मुतेन रोशीने तीच विद्या लावली, भांड्याचा नेम हुकला आणि तोही मेला. गोकूचा साथीदार तेनशिनहान ती शिकून तयार होतो, तर त्याच्या कुकरलाच तडा गेलेला निघतो. मफूबात हेच दोन धोके आहेत: करणाऱ्याचं बळ संपतं, आणि भांडं धड लागतं.

धाकट्यावर ही विद्या चालत नाही. २३ व्या तेनकाइची बुदोकाई या लढाईच्या स्पर्धेत तो 'माज्युनिअर' नावाने उतरतो. कामी माणसाच्या देहात शिरून त्याच्यावर मफूबा टाकतो, तर हा ती उलटवतो, कामीलाच बाटलीत कोंडतो आणि बाटली गिळून टाकतो. गोकू त्याला डिवचून प्रचंड मोठा व्हायला लावतो आणि तोंडातून आत उडी मारून बाटली काढून आणतो.

दोघांमधला फरक सगळ्यात नेमका दिसतो तो गोकूविरुद्धच्या शेवटच्या घावांत. दाइमाओने गोकूचे पाय निकामी केले, एक हात निकामी केला आणि दुसरा सोडला. गोकूने त्या उरलेल्या हाताने जमिनीकडे कामेहामेहा (ऊर्जेचा झोत) सोडला, त्या धक्क्याने वर उसळला आणि मूठ दाइमाओच्या पोटातून आरपार नेली. तीन वर्षांनी धाकटा ती चूक टाळायला बसलाच होता. त्याने चारही अवयव एकेक करून मोडले. पण मधल्या काळात गोकू उडायला शिकला होता, तेव्हा डोक्यानेच धडकला. थोरला गर्वात गाफील राहिला. धाकटा हिशेबाने लढला आणि तरी हरला, कारण हिशेबात एक रकाना कमी पडला. दोघांच्या स्वभावातलं अंतर यापेक्षा चांगलं कुठल्याच संवादात आलेलं नाही.

जिंकल्यावर गोकू त्याला जखमा भरून काढणारा सेन्झू दाणा देऊन वाचवतो. त्यात दया आहेच, पण अटही आहे: हा मेला तर कामी जाणार आणि त्याने बनवलेले ड्रॅगन बॉलही. दाइमाओ मेला तेव्हा कामी वाचला तो अंडं आधीच बाहेर पडलं होतं म्हणून. बांधलेला जीव धाकट्याकडे वारशाने गेला. झेडच्या २८ व्या भागात परग्रहावरून आलेल्या नाप्पाच्या हल्ल्यासमोर तो गोहानला पाठीशी घालून मरतो, तेव्हा कामी जातो, पृथ्वीचे ड्रॅगन बॉल जातात, आणि म्हणून तिथले ड्रॅगन बॉल मिळवायला सगळ्यांना नामेक गाठावं लागतं.

आता वय. नामेकियन झपाट्याने वाढतात म्हणून हे कुणाच्या डोक्यात येत नाही. बुदोकाईत उतरलेला तो भारदस्त 'माज्युनिअर' तीन वर्षांचा आहे. पाच वर्षांनी गोकूचा भाऊ राडिट्झ येतो तेव्हा आठ. माकानकोसाप्पो या किरणाने राडिट्झला आणि त्याला धरून ठेवलेल्या गोकूला तो एकदमच भोसकतो, आणि चार वर्षांच्या गोहानला उचलून रानात नेतो. म्हणजे गुरू आठ, चेला चार. त्याच्या गप्प राहण्याला लोक तपस्व्याचं मौन म्हणतात. मला ते बोलायला कुणी नसलेल्या पोराचं गप्प राहणं वाटतं. मरताना तो गोहानला म्हणतोही, माझ्याशी नीट बोललास तो तू एकटाच. दाइमाओच्या भोवती कायम दरबार होता, ह्याच्याजवळ बापाचं वैर सोडून काहीच नव्हतं.

मुलगा म्हणावं की पुनर्जन्म, यावर वाद घालू नका. मालिका दोन्ही म्हणते. नाव तेच, वैर तेच, आठवणीही आल्या आहेत, पण जन्म नवा. पुढे नामेकवर तो नेल या तिथल्या लढवय्याशी एकरूप होतो, नंतर अँड्रॉइडांच्या प्रकरणात कामीशी. त्यानंतर तर हा ना दाइमाओ, ना माज्युनिअर. तो स्वतःच म्हणतो की मी आता पिकोलोही नाही आणि कामीही नाही, नाव विसरलेला एक नामेकियन आहे. बाकीचे त्याला पिकोलोच म्हणत राहतात.