निपाणी परिसरातील तंबाखू-विडी धंदा : धोरणे आणि विषमता

बेळगाव जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, पुणे-बंगळूर रस्त्यावर वसलेली निपाणी ही विडीच्या तंबाखूची जुनी पेठ. १९५६ मध्ये हा मराठी मुलूख मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. इथे शेतकरी, व्यापारी, वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बायका आणि घरी विड्या वळणाऱ्या बायका एकाच पिकावर जगत आल्या आहेत. सरकारी धोरण मात्र त्यांच्यापर्यंत सारखे पोचले नाही.

कर्नाटकच्या जमीन सुधारणा कायद्यातील दुरुस्ती १ मार्च १९७४ पासून लागू झाली आणि कुळे जमिनीची मालक झाली. जमीनमालकाला द्यावा लागणारा खंड सुटला, ही मोठीच गोष्ट होती. पण ज्याची कूळ म्हणून वहिवाटच नव्हती, तो रोजंदार मजूर मजूरच राहिला.

जमीन मिळाली तरी भाव हातात आला नाही. सिगारेटच्या व्हर्जिनिया तंबाखूसाठी १९७५ च्या कायद्याने टोबॅको बोर्ड झाले; विडीच्या तंबाखूला हमीभाव नव्हता, व्यापारी सांगेल तो दर. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी निपाणीजवळ महामार्गावर ठिय्या दिला. ६ एप्रिलला पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मारले गेले. सीमाभागात ही आठवण अजून ताजी आहे, आणि ती ताजी राहायलाच हवी.

सर्वांत तळाशी विडी वळणारी बाई. भिजवलेले पान पत्र्याच्या मापाने कापायचे, चिमूटभर तंबाखू घालून वळायचे, टोक मुडपून दोरा बांधायचा. मजुरी हजार विड्यांवर. कंत्राटदार ‘छाट’ काढतो, म्हणजे खराब ठरवलेल्या विड्यांचे पैसे देत नाही. अनेकदा त्या विड्याही परत मिळत नाहीत. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरी काम करणारीलाही कामगार मानले. पण कारखान्याच्या नोंदीत नावच नसेल, तर भविष्यनिर्वाह निधी तरी कुठून मिळणार? १९७६ पासून विडीवरील उपकरातून दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या आणि घरांसाठी मदत मिळे. २०१७ मध्ये जीएसटी आला, विडीवर २८ टक्के कर बसला आणि तो उपकर रद्द झाला.

२०२३ पासून कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेत कुटुंबप्रमुख स्त्रीला महिना २,००० रुपये मिळतात. ते थेट तिच्या बँक खात्यात येतात. त्यांतून कुणी छाट काढत नाही.