गोठवण्याचा उपचार म्हणजे निर्धोक उपचार नव्हे

नाशिकच्या गोदाकाठी सकाळी फिरायला येणाऱ्या ज्येष्ठांच्या मोबाइलवर एक संदेश वर्षानुवर्षे फिरतो: ‘प्रोस्टेटचा कर्करोग बर्फासारखा गोठवला की चिरफाड नाही, दुष्परिणाम नाहीत आणि पुढे तपासण्याही नकोत.’ प्रोस्टेट म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी. या संदेशातले चिरफाडीचे तेवढे बरेचसे खरे आहे, त्यामुळे बाकीचेही खरे वाटणे स्वाभाविक आहे.

थंडीने पेशी मरतात, हे निफाडकडच्या द्राक्ष बागायतदाराला वेगळे सांगायला नको. क्रायोसर्जरीत, म्हणजे या गोठवण्याच्या उपचारात, भूल देऊन, सोनोग्राफीच्या साहाय्याने, वृषण आणि गुदद्वार यांच्या मधल्या त्वचेतून प्रोस्टेटमध्ये बारीक सुया घालतात. त्यांतून खेळवलेल्या आर्गॉन वायूमुळे तेथील तापमान उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपास उतरते, आणि गोठवणे व वितळवणे हे चक्र सहसा दोनदा करतात. परंतु थंडीला रोगट आणि निरोगी पेशींतला फरक कळत नाही. मूत्रमार्ग वाचवण्यासाठी त्यात उबदार द्रव फिरवावा लागतो, आणि शेजारच्या नसा गोठल्याने लैंगिक ताठरता जाणे हा दुष्परिणाम तर बराच आढळतो. लघवीवरचा ताबा सुटणे किंवा क्वचित मूत्रमार्ग व गुदाशय यांच्यामध्ये छिद्र पडणेही संभवते.

पडताळा सोपा आहे. उपचारापूर्वी सही करायचे संमतिपत्र सावकाश वाचावे, त्यात हे धोके लिहिलेले असतात. उपचारानंतर रोग उरला किंवा उलटला का, हे पाहण्यासाठी पीएसए ही रक्ततपासणी ठरावीक अंतराने करतात. तपासण्या नकोत, असे लघवीविकारतज्ज्ञ म्हणणार नाही.