केबिनमधून कोण कोण उतरलं

कळंबोलीचं ट्रक टर्मिनल असो, तळोज्याची एमआयडीसी असो की भिवंडीकडचा अंजूर फाटा, ट्रान्सपोर्ट कंपनीत गेल्या काही वर्षांत काय बदललं असं ऑफिसात विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: जीपीएस, फास्टॅग, डिझेल कार्ड, मोबाइलवर पोच. ड्रायव्हरला विचारा, तो यंत्रांची नावं नंतर घेतो. आधी माणसं मोजतो. क्लीनर गेला, जोडीचा ड्रायव्हर गेला, ज्याच्याशी भांडून का होईना पण त्याच दिवशी हिशेब मिटायचा तो शेठही मागच्या केबिनमध्ये जाऊन बसला. पुढच्या टेबलावर आता ‘मॅनेजमेंट’ आहे.

ड्रायव्हरांना यंत्रांचा राग आहे, असा ऑफिसातला समज असतो. मला तो पटत नाही. राग आहे तो उभ्या गाडीचा. गाडी किती वेळ, कुठे आणि कशामुळे उभी होती हे आज कंपनीला मिनिटामिनिटाने दिसतं, तरी त्या वेळेचे पैसे ड्रायव्हरच्या हिशेबात कुठेच नसतात. हे भांडण आजचं नाही.

मुंबईतला घाऊक व्यापार खाडीपलीकडे न्यायचा, हे नवी मुंबई वसवतानाच ठरलं होतं. १९७० साली सिडको स्थापन झाली. ऐंशी-नव्वदच्या दशकांत कांदा-बटाटा, धान्य, मसाला, फळं, भाजी असे बाजार टप्प्याटप्प्याने तुर्भ्याला आले आणि लोखंडाचा बाजार कळंबोलीला गेला. २६ मे १९८९ रोजी न्हावा-शेवाचं जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं. इकडे ठाणे जिल्ह्यात, मुंबईच्या जकात हद्दीबाहेर आणि आग्रा रोडला लागून असल्याने भिवंडीभोवतीच्या माणकोली, दापोडे, पूर्णा, काल्हेर या गावांत भाताच्या खाचरांवर गोदामं उभी राहिली. गाड्या वाढल्या. बीड, नगर, सातारा भागातली पोरं आली, उत्तरेकडून आली. बंदरात जमिनी गेलेल्या उरण-पनवेलच्या घरांतल्या काहींनी मोबदल्याच्या पैशातून ट्रेलर घेतले.

तुर्भ्याच्या मार्केट यार्डातली एक विसंगती इथे सांगायलाच हवी. गोण्या उतरवणाऱ्या माणसासाठी १९६९ पासून महाराष्ट्राचा माथाडी कायदा आहे. त्यामागे अण्णासाहेब पाटील यांनी उभी केलेली चळवळ होती. माथाडीची नोंद मंडळाकडे, मजुरी मंडळामार्फत, वर लेव्ही म्हणजे मालकाने भरायची वेगळी रक्कम, त्यातून भविष्यनिर्वाह निधी. तोच माल रात्रभर गाडी हाकून आणणाऱ्या ड्रायव्हरला असलं मंडळ नाही. एकाच फलाटावर दोघं उभे असतात. गाडी खाली व्हायला उशीर झाला तर माथाडीचा दर ठरलेला आहे. ड्रायव्हरचा उशीर मात्र त्याचा त्यानेच सोसायचा.

ड्रायव्हरला कायदाच नव्हता असं नाही. १९६१ चा मोटर वाहतूक कामगार कायदा होता. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास, सलग ५ तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती, आठवड्याची सुट्टी, सगळं कागदावर. पण तो लागू होता ५ किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या वाहतूक संस्थांना. आपल्याकडचा धंदा एक-दोन गाड्यांच्या मालकांचा. मोठी कंपनी भाडं धरते, गाड्या मात्र ‘अटॅच’ करून घेते. दारावर नाव कंपनीचं, आरसी म्हणजे गाडीची नोंदणी मालकाच्या नावावर. मग ड्रायव्हर नक्की कुणाचा? पगारपत्रकात तो कुणाकडेच सापडत नाही.

या कायद्यातली एक बारीक तरतूद फारशी कुणी वाचलेली नसते. कामाच्या तासांत काय धरायचं ते सांगताना त्यात गाडी चालवण्याचा वेळ आहे, जोडकामांचा वेळ आहे, आणि टर्मिनलवरची नुसती हजेरी आहे. पण ही हजेरी नाव घेऊन धरली आहे ती १५ मिनिटांच्या आतली. न्हावा-शेवाच्या रांगेत उभं राहिलेल्या कुणालाही हा आकडा सांगून पाहा.

त्या रांगेत काय होतं ते एका फेरीवरून कळेल. निर्यातीचा माल आहे असं धरा. ड्रायव्हर ‘घोडा’, म्हणजे ट्रेलर ओढणारा पुढचा भाग, घेऊन आधी रिकाम्या कंटेनरच्या यार्डात जातो. तिथे नंबर. कंटेनर मिळाला की आत शिरून दार ओढून घ्यायचं आणि कुठून उजेड येतोय का ते पाहायचं, कारण भोक निघालं तर कारखाना कंटेनर परत पाठवतो आणि ती खेप फुकट जाते. मग रबाळ्याच्या किंवा तळोज्याच्या कारखान्यात माल भरायला. तिथे पाळी बदलायची वेळ असेल तर फलाट बंद. भरून झालं की सील, मग वजनकाटा. जुलै २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचं प्रमाणित वजन दिल्याशिवाय तो जहाजावर चढत नाही. शेवटी बंदराचं गेट. कागदात एक अक्षर चुकलं तरी गाडी बाजूला लागते आणि ते दुरुस्त करणारा माणूस वाशीच्या किंवा बेलापूरच्या ऑफिसात असतो. या सगळ्यात गाडी हलते तो वेळ थोडाच. खेपेचा भत्ता मात्र किलोमीटरवर ठरतो.

१९९९ मध्ये न्हावा-शेवाला देशातलं पहिलं खासगी कंटेनर टर्मिनल सुरू झालं. पुढे आणखी टर्मिनलं आली, क्रेनचा वेग वाढला, जहाज लवकर सुटू लागलं. करळ फाट्याकडच्या रस्त्यावरच्या रांगा पूर्वी अख्ख्या उरण तालुक्याला डोकेदुखी होत्या. नंतर बंदराने गाड्यांसाठी केंद्रीय पार्किंगची जागा केली. रस्ता मोकळा झाला हे खरं, पण ड्रायव्हरचं थांबणं रस्त्यावरून वाहनतळावर गेलं एवढंच. जून २०१७ च्या शेवटी जगभर पसरलेल्या सायबर हल्ल्यात इथल्या गेटवे टर्मिनल्स इंडियाचं कामकाज कोलमडलं, तेव्हाही बाहेर ट्रेलर अडकले. हल्ल्याचं कारण युरोपात, रांग न्हावा-शेवाला.

आता कंपनीच्या आत काय झालं ते. जुना हिशेब रोकडीचा होता. निघताना खर्ची हातात मिळायची, आल्यावर मुनिमासमोर बसून डिझेल, टोल, पंक्चर, नाक्यावरचं ‘चहापाणी’ असा कागद भरायचा. सगळेच थोडं वाढवून लिहीत आणि मुनीम सगळ्यांचंच थोडं कापत असे. फार प्रामाणिक पद्धत नव्हती, पण फलाटावर दोन दिवस गेले तर ते त्याच कागदात कुठेतरी ‘इतर’मध्ये बसवता येत. ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटबंदीने ती मोडली. राष्ट्रीय महामार्गांवरचा टोल २ डिसेंबरपर्यंत बंद ठेवावा लागला. खर्चीला नोटा नाहीत म्हणून गाड्या जागेवर राहिल्या. त्यानंतर डिझेल कार्डाने, टोल आधी रोखीने आणि फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीच्या फास्टॅगने, भत्ता बँकेच्या खात्यात अशी घडी बसली. पैसे वेळेवर खात्यात येतात याचं बरेच ड्रायव्हर आजही कौतुक करतात. बायकोला गावी पाठवायला मनिऑर्डर किंवा ओळखीचा माणूस शोधावा लागत नाही. फक्त ‘इतर’चा रकाना गेला. जे दाखवता येत नाही ते मिळत नाही, आणि थांबण्याची पावती कोणी फाडून देत नाही.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. मुलुंड आणि ऐरोलीच्या नाक्यांवरच्या रांगा संपल्या. मालकांनी तो वेळ हिशेबात धरला आणि माल पोचवायच्या वेळा कडक केल्या. पण ठाण्यातली नो एन्ट्री तशीच होती. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत अवजड वाहनांना शहरात बंदी असते. २०१८ च्या उन्हाळ्यात मुंब्रा बायपास दुरुस्तीसाठी बंद केला आणि बंदराची सगळी वाहतूक ऐरोली आणि घोडबंदरकडे वळली, तेव्हा ‘इतका वेळ का लागला’ असा मेसेज करणाऱ्या सुपरवायझरांची ड्रायव्हरांनी किती खिल्ली उडवली असेल, कल्पना करा. त्याच वर्षी एप्रिलपासून राज्याबाहेर जाणाऱ्या मालाला ई-वे बिल, म्हणजे मालासोबतचा जीएसटीचा ऑनलाइन कागद, आलं. त्याची मुदत आधी १०० किलोमीटरला एक दिवस होती, १ जानेवारी २०२१ पासून ती २०० किलोमीटरला एक दिवस झाली. धडधाकट महामार्गावर हे काही अशक्य नाही. पण बिल बनल्यावर गाडी गोदामातून सुटायलाच संध्याकाळ झाली, तर उरलेली भरपाई ड्रायव्हरच्या झोपेतून होते.

झोप म्हटलं की जोडीदाराचा विषय येतो. नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन ड्रायव्हर हवेत आणि एकाला आडवं होता येईल अशी जागा हवी, असा केंद्रीय मोटर वाहन नियम होता. जुलै २०१८ मध्ये देशभरातल्या वाहतूकदारांनी आठ दिवस चक्का जाम केला. त्या वर्षाच्या अखेरीस नियम बदलले: फास्टॅग आणि ट्रॅकिंग यंत्र आलं, आणि दोन ड्रायव्हरांची अट गेली. संप मालकांचा होता, ड्रायव्हरांचा नव्हता, हे विसरता कामा नये. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्या वाहतूकदारांनी ई-चलानाविरुद्ध संप केला, त्याच्या मागण्यांमध्येही अवजड वाहनावर क्लीनर असण्याची सक्ती रद्द करा, ही एक मागणी होती. मालकाच्या बाजूने ती समजण्यासारखी आहे, क्लीनर मिळत नाहीत आणि भाडी परवडत नाहीत. पण पूर्वी पोरगा क्लीनर म्हणून चढायचा आणि पाच-सात वर्षांत ड्रायव्हर होऊन उतरायचा. ती शाळा बंद केल्यावर ‘ड्रायव्हर मिळत नाहीत’ अशी ओरड मालकांनीच करावी, याची गंमत वाटते. रिव्हर्स घेताना मागे बघायला आता कॅमेरा आहे. घाटात ब्रेक गरम झाल्यावर चाकाखाली उटी लावायला कोण उतरणार, हा प्रश्न आहेच.

मॅनेजमेंटबद्दलची खरी चीड जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत रस्त्यावर आली. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) मध्ये अपघात करून न कळवता पळून जाणाऱ्याला १० वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद होती. नवी मुंबईतही ड्रायव्हर रस्त्यावर उतरले, काही ठिकाणी प्रकरण हाताबाहेर गेलं, पेट्रोल पंपांवर झुंबड उडाली. २ जानेवारीच्या रात्री केंद्रीय गृह सचिवांनी वाहतूकदार संघटनेशी चर्चा केल्याशिवाय हे कलम लागू होणार नाही असं सांगितलं, आणि १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा हे कलम वगळूनच. तेव्हा ड्रायव्हर जे बोलत होते त्यात कायद्याचं थोडं आणि कंपनीचं जास्त होतं. अपघात झाला की गाडीला विमा असतो, मालाला विमा असतो. पोलीस ठाण्यात बसलेल्या ड्रायव्हरसाठी कोण येतं? जुना शेठ निदान वकिलाला फोन लावायचा. आता कंट्रोल रूममधला मुलगा आधी फोटो पाठवायला सांगतो.

एक गोष्ट मात्र ड्रायव्हर स्वतःहून मान्य करतात: जीपीएसने त्यांनाही वाचवलं आहे. डिझेल काढलं, गाडी मध्येच वळवली, असले आळ पूर्वी सहज यायचे. आता नकाशावर रेघ दाखवता येते. तोंडाकडे रोखलेल्या कॅमेऱ्याबद्दल मात्र कुणी चांगलं बोलताना आढळत नाही. डोळा लागला की तो ओरडतो, पण त्याआधी गाडी फलाटावर बारा तास का उभी होती हे त्याला कोणी शिकवलेलं नाही.

सरकारी बाजूने दोन बदल अलीकडचे. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकांच्या केबिनला एसी बंधनकारक झाला. जुन्या गाड्या जशा आहेत तशाच चालणार. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या आणि १९६१ चा कायदा त्यातल्या सुरक्षा व आरोग्यविषयक संहितेत विरघळला. नव्या व्याख्येत वाहतूक संस्थेसाठी किमान १० कामगार लागतात. आधी ५ पुरत होते. म्हणजे सहा-सात ड्रायव्हर पगारावर ठेवणारा कळंबोलीचा मालक पूर्वी कायद्यात होता, तो या व्याख्येबाहेर गेला.

भाड्याच्या करारात ‘डिटेन्शन’ नावाचा रकाना असतो. ठरल्यापेक्षा जास्त वेळ गाडी अडकली तर कारखान्याने किंवा गोदामाने कंपनीला दिवसाचा आकार द्यायचा, आणि त्याचा पुरावा म्हणून हल्ली गेटची वेळ आणि जीपीएसची नोंदच जोडतात. काही कंपन्या त्यातून ड्रायव्हरला हॉल्टिंगचा भत्ता देतात. बाकीच्या ती रक्कम गाडीच्या हप्त्यात धरतात. नवीन ड्रायव्हर कामाला लागताना पगाराआधी याच भत्त्याची चौकशी करतो.