शेतातलं लाकडी प्रीफॅब घर: सोलापूर जिल्ह्यात परवानगी कशी घ्यायची, कागद कोणते लागतात

कारखान्यात बनलेलं लाकडी घर ट्रकमधून येतं, आठ-दहा दिवसांत उभं राहतं आणि हवं तर उचलूनही नेता येतं. त्यामुळे त्याला परवानगी कशाला, असं अनेकांना वाटतं आणि विकणारेही तसंच सांगतात. हे साफ चूक आहे. राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत (युडीसीपीआर, 2020) इमारतीची व्याख्या करताना साहित्याची अट घातलेली नाही. बांधकाम कोणत्याही साहित्याचं असलं तरी ते इमारतच. लाकूड असो, पत्रा असो, कंटेनर असो. म्हणून कारखान्याला आगाऊ रक्कम देण्याआधी मंजूर नकाशा हातात हवा. विटांच्या घरात एक खोली कमी करता येते. कापून, रंगवून तयार झालेलं मॉड्यूल, म्हणजे कारखान्यातून अख्खा येणारा घराचा भाग, मात्र 20 सेंटिमीटरने अरुंद निघालं तर त्याचं काहीच करता येत नाही.

कोणाला बांधता येतं

शेती झोनमधल्या जमिनीवर फार्म हाऊससाठी किमान 0.40 हेक्टर क्षेत्र लागतं. एक गुंठा 101.17 चौ.मी. धरला तर 40 गुंठे, म्हणजे पुरता एक एकर, 0.4047 हेक्टर होतो. एका एकरात काम भागतं, पण जेमतेम. वाटणीत 39 गुंठे आले की क्षेत्र 0.3946 वर येतं आणि अर्ज तिथेच अडतो. सातबाऱ्यावरचा हेक्टर-आरचा आकडा आधी नीट वाचा. ‘एकरभर आहे’ या तोंडी हिशेबावर जाऊ नका.

युडीसीपीआरनुसार फार्म हाऊसला चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे जमिनीच्या क्षेत्राशी बांधकामाचं प्रमाण, 0.0375 आणि कमाल बांधकाम 400 चौ.मी. मिळतं. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 च्या कलम 41 मध्ये शेतघराची वेगळी मोजदाद आहे: 0.4 ते 0.6 हेक्टरला 150 चौ.मी. जोत्याची एकच इमारत. त्यापुढे क्षेत्राच्या चाळिसाव्या भागाइतकं किंवा 400 चौ.मी., यांतलं जे कमी असेल ते. आणि त्यातही राहण्याचा भाग 150 चौ.मी.पर्यंतच. दोन्ही नियम एकदम पाळायचे असल्याने राहतं घर 150 चौ.मी.च्या, म्हणजे सुमारे 1,615 चौ.फुटांच्या आत आखणं शहाणपणाचं. छप्पर असलेला व्हरांडा यात मोजला जातो. लाकडी घराला व्हरांडा हवाच, सोलापूरच्या उन्हात भिंती वाचवायच्या तर तो लागतोच. म्हणून खोल्या ठरवण्याआधी व्हरांड्याचं क्षेत्र बाजूला काढा.

जमीन अजून घ्यायची असेल तर कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम 1948 चं कलम 63 आडवं येतं: शेतकरी नसलेल्या व्यक्तीला परवानगीशिवाय शेतजमीन खरेदी करता येत नाही. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग 2’ (म्हणजे सरकारी शर्तीवर धारण केलेली जमीन) असेल, आणि उजनीच्या पुनर्वसनात मिळालेल्या जमिनींवर हे नेहमी दिसतं, तर घराचा विचार पुढे ढकलून आधी शर्तीबाबत जिल्हाधिकारी कार्यालयाची परवानगी पाहा.

शेतघर हे स्वतःच्या वापरासाठी असतं. पर्यटकांना भाड्याने द्यायचं असेल तर कृषी पर्यटन धोरण 2020 खाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते आणि नकाशाही त्या वापराचाच लागतो.

जागा निसर्गरम्य असेल तर

लोकांना पाणथळ, माळरान, झाडी हवी असते आणि बंधनंही नेमकी तिथेच असतात. उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा या तालुक्यांत नान्नजच्या माळढोक अभयारण्याचे तुकडे विखुरलेले आहेत. 1979 मध्ये जाहीर झालेल्या या अभयारण्याचं क्षेत्र पुढे बरंच कमी करण्यात आलं, त्यामुळे गावातला जुना समज आणि आजची हद्द जुळेलच असं नाही. वनविभागाकडे गट नंबर देऊन लेखी उत्तर मागा: गट अभयारण्यात येतो का, भोवतालच्या संवेदनशील क्षेत्रात येतो का. उजनीच्या फुगवट्याला किंवा भीमा-सीनेच्या काठाला जमीन असेल तर जलसंपदा विभागाकडून पूररेषा घ्या. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि त्या रेषेच्या मधे बांधकाम मिळत नाही. निळ्या आणि त्याहून मोठ्या पुराच्या लाल रेषेच्या मधे अटी घालून मिळू शकतं.

कागद

सातबारा आणि 8-अ (डिजिटल स्वाक्षरीचे, ताजे), मालकी कशी आली ते दाखवणारे फेरफार, भूमी अभिलेखाकडचा मोजणी नकाशा, म्हणजे ‘क’ प्रत, नगररचना कार्यालयाचा झोन दाखला, रस्त्याचा पुरावा, आर्किटेक्ट किंवा परवानाधारक अभियंत्याने सही केलेले नकाशे (स्थळदर्शक 1:500, इमारतीचे 1:100), स्ट्रक्चरल इंजिनिअरचं प्रमाणपत्र, सामाईक खातं असल्यास इतर खातेदारांचं संमतिपत्र, बँकेचा बोजा असल्यास तिचा ना हरकत दाखला.

सगळ्यात जास्त वेळ मोजणी खाते. तिचा अर्ज ई-मोजणीवर सर्वांत आधी टाका. बाकीचे कागद तेवढ्यात गोळा होतात. बांध सरकलेला असेल तर तो मोजणीतच उघडा पडतो, आणि घर उभं राहण्याआधी पडलेला बरा.

अर्ज कुठे, कसा

महापालिका हद्दीत अर्ज महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागाकडे, ऑनलाइन. ग्रामीण भागात गावठाणाबाहेरच्या जमिनीसाठी जिल्हाधिकारी कार्यालय नगररचना विभागाच्या अभिप्रायावर परवानगी देतं. ग्रामपंचायतीचा ठराव किंवा सरपंचाचं पत्र तिची जागा घेत नाही. छाननीनंतर शुल्काचं चलन निघतं, मग बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र. ते एक वर्ष चालतं आणि दरवर्षी मुदतवाढ घेऊन एकूण चार वर्षं नेता येतं.

छाननी करणाऱ्याची नजर आरसीसीवर बसलेली असते, म्हणून लाकडी सांगाड्याच्या फाइलवर शंका येतातच. राष्ट्रीय इमारत संहिता 2016 च्या भाग 6 मध्ये लाकूड आणि पूर्वरचित बांधकाम यांचे स्वतंत्र विभाग आहेत, आणि लाकडी संरचनेसाठी आयएस 883 हे मानक आहे. स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या प्रमाणपत्रात हे दोन्ही स्पष्ट लिहून घ्या. सोबत लाकडाची जात, ओलाव्याची टक्केवारी, वाळवीप्रतिबंधक प्रक्रिया आणि सांगाडा पायाला कसा बांधलाय त्याचा तपशील जोडा. हलकं घर भूकंपात तग धरतं, वाऱ्यात उचललं जातं. म्हणून अँकर बोल्टचं रेखाचित्र हवंच.

नकाशात हमखास चुकणारी जागा

मोटार वाहन नियमांत वाहनाची रुंदी 2.6 मीटरपर्यंत चालते. त्याहून रुंद मालाला वेगळी परवानगी लागते. राहत्या खोलीची आतली रुंदी मात्र नियमावलीत किमान 2.4 मीटर आणि क्षेत्र 9.5 चौ.मी. हवं. आता 2.6 मीटरचं मॉड्यूल घ्या, दोन्ही बाजूंना 12 सेंमी जाडीची भिंत धरा; आत उरतात 2.36 मीटर. चार सेंटिमीटरसाठी खोली नियमाबाहेर. उपाय दोन: एका बाजूने उघडी दोन मॉड्यूल जोडून एक खोली करा, किंवा घन मॉड्यूलऐवजी सपाट पॅनेल मागवा. पाणंदीतून जायचं असेल तर पॅनेलच बरे. ट्रेलर आणि हायड्रा क्रेन ओल्या काळ्या रानात रुततात, जोडणी पावसाळ्याबाहेरच ठेवा. पाणंद कुणी अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. तोही घर निघायच्या कितीतरी आधी.

पाया काळ्या मातीत उथळ ठेवू नका. माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि लाकडी घराच्या हलक्या वजनाला ती सहज उचलते. मग जोड उघडतात, दारं अडकतात. मुरमापर्यंत खोदा किंवा अंडर-रीम्ड पाइल (तळाशी रुंद केलेले काँक्रीटचे खोल खांब) घ्या. लाकडाचा खालचा पट्टा जमिनीपासून किमान 45 सेंमी वर ठेवला तर वाळवीच्या वाटा डोळ्यांनी दिसतात.

लाकडाचे कागद

लाकूड कुठून आलं याची बिलं जपा. जातीनुसार आणि माल कोणत्या स्वरूपात आहे त्यानुसार वनविभागाचा वाहतूक परवाना लागू शकतो. स्वतःच्या बांधावरची चिंच, आंबा, जांभूळ किंवा साग तोडून वापरायचा असेल तर वृक्षतोड (विनियमन) अधिनियम 1964 खाली आधी परवानगी घ्या.

पाया झाला की जोता तपासणी मागा आणि ती झाल्यावरच माल कारखान्यातून हलवा. जोडणीनंतर भोगवटा प्रमाणपत्र. ते मिळालं की ग्रामपंचायतीत घराची नोंद करून घ्या आणि महावितरणकडे घरगुती जोडणीचा अर्ज द्या. शेतीपंपाच्या जोडणीवरून घरात वीज घेता येत नाही.